वाटी बुडेपर्यंत

निजसुरे मास्तर आमच्या शाळेत रुजू झाले तेव्हा त्यांच्याबरोबर काय सामान होतं ते मला पक्कं आठवतं. एक वळकटी, पुस्तकांची एक ट्रंक आणि हमालाच्या डोक्यावर तांब्याचं घंगाळ. मला वाटलं, माणूस आंघोळीच्या बाबतीत फार चोखंदळ दिसतो. दुसऱ्या दिवशी ते घंगाळ त्यांनी वर्गात, टेबलाशेजारी ठेवलं, विहिरीचं पाणी काठोकाठ भरून घेतलं आणि मला म्हणाले, "दामले, याला कोणाचा धक्का लागू द्यायचा नाही." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, झालं, आता हे वेड आपल्या गळ्यात.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, कल्याणच्या एका मराठी शाळेत खालचा मास्तर. कोकणातून येऊन दोन वर्षं झाली होती आणि हातात छडी आली म्हणजे आपण फार मोठे झालो अशी माझी समजूत होती. निजसुरे मास्तर आमचे नवे मुख्य. वय पस्तिशीच्या आसपास, उंच, हाडकुळे, आणि डोक्यावरची पगडी कपाळापर्यंत ओढलेली. ही पगडी ते कधी काढत नसत. वैशाखात मधल्या सुट्टीत आम्ही मागच्या पडवीत पागोटी खुंटीला अडकवून वारा घ्यायचो. हे मात्र घामाने निथळत तसेच. एकदा मी थट्टेने म्हटलं, "मास्तर, पगडीलासुद्धा थोडी सुट्टी द्या की." ते हसले आणि शेनाळे तळ्यातलं पाणी यंदा किती उतरलंय ते बोलू लागले.

त्यांचं घर ठाण्याचं, नौपाड्यातलं. वडील आबा वैद्य म्हणजे पंचक्रोशीत मोठं नाव. तीन बोटं मनगटावर ठेवली की सकाळी काय खाल्लं ते सांगतात, अशी त्यांची ख्याती. आंबिवलीपासून माणसं त्यांच्याकडे जायची. मुलाने मात्र वैद्यकी न घेता मास्तरकी घेतली. का, ते कोणाला ठाऊक नव्हतं. आईवडील आणि कुटुंब ठाण्यात, हे एकटे कल्याणात.

शाळेने त्यांच्यासाठी नवी खुर्ची करून घेतली होती. तीन वर्षांत ते तिच्यावर बसल्याचं मी पाहिलं नाही. शिकवायचे ते चालत, वाचायचे ते चालत, जेवण झाल्यावर विडा चघळायचे तोही चालत. हातात सतत काहीतरी फिरत असायचं, खडू नाहीतर चिंचोका. आणि उपरण्याच्या गाठी! काही लक्षात ठेवायचं असलं की ते उपरण्याच्या टोकाला गाठ मारायचे. हजेरीपट पाठवायचा, एक गाठ. कोणाच्या आईला निरोप द्यायचा, एक गाठ. संध्याकाळी त्यांचं उपरणं म्हणजे नुसता गुंता असायचा. घरी जाण्यापूर्वी ते एकेक गाठ सोडत आणि ओठातल्या ओठात तिचं काम म्हणत. मी पोरांना डोळा मारायचो. हा त्यांचा कामाचा हुरूप आहे अशी माझी पक्की खात्री होती. त्याचा खरा अर्थ कळायला मला पुढे पंधरा वर्षं लागली.

घंगाळाचा उलगडा चार दिवसांनी झाला. लग्नात मुहूर्त साधायला जोशी घटिकापात्र पाण्यात सोडतो ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगते, भोकातून पाणी आत येतं आणि बरोबर एका घटकेने ती बुडते. मास्तरांनी तांबटाकडून त्याहून लहान, पाव घटकेत बुडणारी वाटी करून घेतली होती. ती पाण्यात सोडायची. एका मुलाला समोर बसवायचं, त्याच्या उजवीकडे चिंचोक्यांचा ढीग आणि पुढ्यात रिकामा डबा. मास्तर पाटीवरून एकेक अक्षर वाचणार, एका चालीत, ना वर ना खाली. क. त. ल. म. र. ज्या ज्या वेळी 'म' येईल त्या त्या वेळी मुलाने एक चिंचोका डब्यात टाकायचा. दुसऱ्या अक्षराला टाकायचा नाही. दोन पाट्या वाचून होतात तेव्हा वाटी बुडते. मी बाजूला बसून कुठे चुकलं, कुठे राहिलं, ते टिपायचं. बस, एवढंच.

"यातून काय कळणार?" मी विचारलं.

"या पोराचं लक्ष किती वेळ जागं राहतं ते. लिहा, दामले."

हे 'लिहा, दामले' मी पुढे इतक्यांदा ऐकलं की झोपेतसुद्धा माझा हात चालायचा. साठ मुलं होती. प्रत्येकाला एकदा नाही, तीनदा बसवलं. मी कंटाळून म्हणायचो की परवाच तर झालं याचं. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं. "एकदा झालं तर योगायोग. दुसऱ्यांदा झालं तर बघू. तीनदा झालं तर शाईने लिहायचं."

त्यांनी वर्गातून तीन शब्द हद्दपार केले होते, मठ्ठ, वाह्यात आणि आळशी. माझ्या तोंडून एकदा 'वाह्यात कार्टं' निघून गेलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "दामले, हे मोजमाप नव्हे, ही शिवी आहे. मोजून झाल्यावर काय ते म्हणा." आणि त्या दुपारी शाळा सुटल्यावर त्यांनी मलाच वाटीसमोर बसवलं. मी ऐटीत बसलो. पहिल्या पाटीला एकही चूक नाही. दुसऱ्या पाटीला माझं मन कुठे गेलं कोण जाणे, बहुधा खाणावळीत आज काय असेल तिकडे. पाच 'म' हुकले. मास्तरांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं, 'सहायक शिक्षक, अर्धी वाटी.' मुलांच्या यादीत, आडनावाच्या क्रमाने. त्या दिवसापासून माझी छडी भिंतीला टेकून राहू लागली. मी फार शहाणा झालो अशातला भाग नाही, पण अर्ध्या वाटीच्या माणसाने एका वाटीच्या पोराला कुठल्या तोंडाने मारायचं?

त्यांचे सगळेच प्रयोग सरळ जात असत असं मात्र नाही. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं होतं की माणूस विचार करू लागला की रक्त डोक्याकडे जातं आणि डोकं तापतं. ते मोजायचं कसं? पौषातली थंडी, खोबरेल थिजलेलं. मास्तरांनी दहा मुलांच्या तुळतुळीत टाळूंवर थिजल्या तेलाचे सारखे गोळे ठेवले. पाच मुलांना त्रैराशिकं घातली, पाच मुलांना गप्प बसवलं. ज्याचं तेल आधी वितळेल त्याचं डोकं जास्त चाललं. गणित करणाऱ्यांची कपाळं तेलाने चमकू लागली तेव्हा मास्तरांना केवढा आनंद झाला! मग गप्प बसलेला एक जणही निथळू लागला. विचारलं तर म्हणे, मास्तर, मी आत्तापर्यंत उन्हात गोट्या खेळत होतो. दुसऱ्या दिवशी चार आया शाळेत आल्या, सदऱ्यांचे तेलकट गळे दाखवायला. मास्तरांनी हात जोडले, आणि वहीत एका आडव्या रेघेखाली लिहिलं, 'तेलाचा प्रयोग. फसला.' ते पान त्यांनी फाडलं नाही. फसलेलंही लिहून ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझी थट्टा त्या पानापाशी संपली.

तेलाचं सोडलं तरी टाळूवर हात ठेवायची त्यांची सवय गेली नाही. अक्षरं वाचून झाली की ते मुलाच्या डोक्यावर तळवा ठेवून क्षणभर उभे राहत. मोजण्यासाठी की कशासाठी, ते मी विचारलं नाही.

आता गणूचं सांगतो. मामलेदार कचेरीत विसूभाऊ म्हणून कारकून होते, त्यांचा हा आठ वर्षांचा मुलगा. गोरटेला, मोठ्या डोळ्यांचा, आणि एका जागी म्हणून टिकायचा नाही. पाटी आणायला पाठवावा तर तळ्यावर सापडायचा, पाटी तिसरीकडेच. खिडकीतून खार दिसली की हा खिडकीबाहेर. मारून, उपाशी ठेवून, अंगठे धरून उभं करून सगळ्यांनी हात टेकले होते, त्यात माझे दोन्ही हात होते. वाटीला बसवला तर निम्म्या वाटीपर्यंत एकही 'म' चुकायचा नाही. पुढे चिंचोका हातात तसाच, डोळे आढ्याला आणि पाय पाटावर वळवळत. तीनदा बसवला, तीनदा तेच. मास्तरांनी शाईने लिहिलं.

त्या वर्षी नवरात्रात विसूभाऊंच्या घरी ती गोष्ट घडली. त्यांच्याकडे घट बसले की नऊ दिवस नंदादीप अखंड तेवता ठेवायचा, ही तीन पिढ्यांची रीत. सातव्या माळेला घरात सवाष्णी जेवायला होत्या, बायका सगळ्या स्वयंपाकघरात. गणूला दिव्यापाशी बसवून सांगितलं, वात सारायची, तेल घालायचं, उठायचं नाही. तासाभराने आई बघायला आली तर दिवा विझलेला आणि गणू परसात. तिसऱ्या दिवशी विसूभाऊंच्या आई उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. दोन्हींचा संबंध जोडायला घरात कोणाला वेळ लागला नाही.

दसऱ्यानंतर विसूभाऊ शाळेत आले. माणूस वाईट नव्हता. रात्र रात्र जागल्यासारखे डोळे झाले होते.

"मास्तर, आता उपाय नाही. पोराला डाग देऊन घ्यायचं ठरवलंय. टाळूवर दिला की चंचलपणा उतरतो म्हणतात. त्यातले जाणकार म्हणजे आबा वैद्य, तुमचे वडील. तुमची एक चिठ्ठी मिळाली तर फार बरं होईल."

डाग म्हणजे काय ते त्या काळच्या वाचकाला सांगावं लागलं नसतं. लोखंडी डागणी निखाऱ्यात लाल करायची आणि टेकवायची. पोटदुखीला पोटावर, फेफऱ्याला कानशिलावर, आणि असल्या पोरांना डोक्यावर. बरेचदा पोर त्यानंतर शांत व्हायचं. आठवडा आठवडा बोलायचंच नाही, शांत नाही तर काय होईल?

मास्तरांच्या बोटांतला चिंचोका फिरायचा थांबला. मी तो थांबलेला प्रथमच पाहिला. मग त्यांनी उपरण्याला सावकाश एक गाठ मारली.

"चिठ्ठी मी देत नाही," ते म्हणाले. "मी आबांनाच इथे घेऊन येतो. हा रविवार जाऊ द्या, पुढच्या रविवारी. तोवर पोराला कोणी हात लावायचा नाही. गणू एक वाटीभर लक्ष ठेवून बसला तर डाग नाही."

"आणि नाही बसला तर?"

"तर तुमचा मुलगा, तुमचा निर्णय."

"मध्ये उठायचं नाही. अखंड," विसूभाऊ म्हणाले. विझलेल्या दिव्याचा तो शब्द त्यांच्या तोंडून आपसूक आला.

ते गेल्यावर मी म्हटलं, "मास्तर, अहो, अर्धी वाटी आहे त्याची. तुम्हीच शाईने लिहिलंय." ते म्हणाले, "माहीत आहे. लिहा, दामले, बारा दिवस."

ते बारा दिवस आम्ही शाळा सुटली की विसूभाऊंच्या घरी जायचो. विसूभाऊ कचेरीत असायचे. मास्तरांनी गणूला उभा करून पाहिला, उकिडवा बसवून पाहिला, भिंतीकडे तोंड करून पाहिला. अर्धी वाटी, फार तर बोटभर पुढे. सहाव्या दिवशी मास्तर ओसरीवर घंगाळ भरत होते तेवढ्यात गणू वडिलांच्या झोपाळ्यावर चढून बसला. त्या झोपाळ्यावर विसूभाऊंशिवाय कोणी बसायचं नाही असा घरचा दंडक. आई आतून ओरडली, "अरे मेल्या, उतर आधी!" मास्तरांनी हात वर करून तिला थांबवलं. गणू पायाने जमिनीला रेटा देत होता. झोपाळा पुढे, मागे. मास्तरांनी वाटी सोडली आणि वाचायला लागले.

वाटी बुडाली तेव्हा माझ्या पाटीवर एकही खूण नव्हती. मला वाटलं, आपणच टिपायचं विसरलो. डबा ओतून चिंचोके मोजले, सगळेच्या सगळे 'म' होते. गणू झोपाळ्यावरून विचारत होता, "संपलं? अजून वाचा ना मास्तर." मी आनंदाने ओरडणार होतो. मास्तर फक्त म्हणाले, "योगायोग." सातव्या दिवशी तेच झालं. आठव्या दिवशी तेच झालं, आणि मग त्यांनी शाई मागितली.

"याचे पाय चालू असले की डोकं जागेवर राहतं," ते म्हणाले. "इतकी वर्षं आपण पायच बांधत होतो, दामले." एवढं बोलून ते घराच्या परसात गेले आणि बराच वेळ तिथेच येरझारा घालत राहिले.

ठरलेल्या रविवारी सकाळच्या आगगाडीने आबा वैद्य आले. सत्तरी ओलांडलेले, पण ताठ. खांद्याला झोळी, झोळीत फडक्यात गुंडाळलेली डागणी. अंगणात विसूभाऊंनी शेगडी पेटवून ठेवली होती. त्या दिवशी मदत म्हणून मी एक उद्योग करून ठेवला होता. पाहुणे येणार आणि वाटी काळवंडलेली, म्हणून मी ती सकाळी राखेने घासून लख्ख केली होती. मास्तर ती नेहमी नुसत्या पाण्याने विसळायचे. असं का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

गणू झोपाळ्यावर बसला. विसूभाऊंच्या कपाळावर आठी चढली. "झोपाळा कशाला? बसायचं ठरलं होतं." मास्तर म्हणाले, "बसलाच आहे. उठायचं नाही एवढी अट. ती तो पाळेल." विसूभाऊंनी आबांकडे पाहिलं. आबा सरळ झोपाळ्याशी गेले आणि गणूच्या शेजारी बसले. पोराचं डावं मनगट हातात घेतलं, तीन बोटं नाडीवर ठेवली आणि डोळे मिटले. मास्तरांनी खालून, जमिनीवर उभं राहून वाटी सोडली. झोपाळा हलू लागला, एका टोकाला ते पोर आणि दुसऱ्या टोकाला त्याला डागायला आलेला म्हातारा. स्वयंपाकघराच्या दारात गणूची आई पदराचं टोक तोंडात धरून उभी होती.

क. ल. म. त. र. म. डब्यात चिंचोका पडत होता आणि शेगडीत निखारा तडतडत होता. बाकी आवाज नाही. पहिली पाटी संपली, चूक नाही. दुसरी संपत आली, चूक नाही. मी मान वर करून घंगाळाकडे पाहिलं. वाटी निम्मीही भरली नव्हती. लख्ख, सोन्यासारखी चमकत मजेत तरंगत होती. राख! ओली राख त्या भोकात जाऊन बसली होती.

दुसऱ्या पाटीचं शेवटचं अक्षर वाचून मास्तरांनी घंगाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं असणार. ते तिसरी पाटी उचलून तसेच पुढे जाऊ शकले असते, वाटीचा दोष सांगून सुटूही शकले असते. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"थांबा," ते म्हणाले. "वाटीच्या भोकात काहीतरी अडकलं आहे. दोन पाट्या पुऱ्या झाल्या, पोराची चूक नाही. पण अट वाटीची होती आणि वाटी बुडालेली नाही. अट पुरी झाली असं मला म्हणता येत नाही."

विसूभाऊ तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मग काय करायचं?" गणूचा हात चिंचोका धरून हवेत तसाच थांबला होता. तो एकदा शेगडीकडे बघत होता, एकदा मास्तरांकडे. मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"कृष्णा," आबा डोळे न उघडता मास्तरांना म्हणाले, "वाचायचं का थांबवलंस?"

"आबा, वाटी बिघडली आहे."

"वाटी बिघडली असेल. तू वाच."

मास्तरांनी पहिली पाटी पुन्हा घेतली. क. ल. म. आवाज तोच, ना वर ना खाली. गणूने चिंचोका टाकला. तिसऱ्या पाटीत एक 'म' हुकला, मी खूण केली. पुढे आणखी एक. झोपाळा मात्र थांबला नाही, आणि आता मी पाहिलं की रेटा फक्त गणू देत नव्हता. आबांचा म्हातारा पायही त्याच्या पायाबरोबर जमिनीला टेकत होता. चौथी पाटी निम्मी झाली तेव्हा आबांनी पाय रोवून झोपाळा थांबवला.

"पुरे," ते म्हणाले. "विसूभाऊ, माझी बोटं पन्नास वर्षं नाडीवर आहेत, मला वाटी लागत नाही. तुमची एक वाटी केव्हाच झाली. दुसरी सरत आली. एवढा वेळ या पोराचं मन हातात धरून बसलो होतो मी. डाग द्यायला आधी दोष सापडावा लागतो. मला सापडला नाही." त्यांनी झोळी उचलली. डागणी फडक्यातून बाहेरच निघाली नव्हती.

गणूची आई बाहेर आली, घंगाळात तांब्या बुडवला आणि शेगडीवर ओतला. मग आणखी एक तांब्या, मग आणखी एक. अंगणभर वाफ झाली. विसूभाऊ खाली बसले आणि त्यांनी पोराला जवळ ओढलं. त्या सगळ्या गडबडीत वाटी केव्हा बुडाली ते कोणी पाहिलं नाही, मास्तरांनीही नाही.

आबांना पोचवायला आम्ही दोघं निघालो. दाराशी वहाणा घालता घालता आबा मुलाकडे न बघता म्हणाले, "आपल्याकडे झोपाळा नव्हता रे, कृष्णा." मला वाटलं, म्हाताऱ्याला झोपाळा आवडलेला दिसतो.

परत येताना मी कसाबसा राखेचा गुन्हा कबूल केला. ते चालतच होते. म्हणाले, "लिहा, दामले. वाटी राखेने घासू नये." पुढे त्या गोष्टीचा त्यांनी एकदाही उच्चार केला नाही.

पुढल्या नवरात्रात विसूभाऊंनी देवघराचं दार उघडं टाकून झोपाळा तिथून दिवा दिसेल असा बांधला, आणि दुपारचा पहारा गणूकडे दिला. नऊ दिवस दिवा तेवला असं ऐकलं. गणू शिकून फार पुढे गेला नाही. इंग्रजी तिसरीत सोडून दिलं, आता तारेच्या खांबांवर देखरेख करत कसाऱ्यापर्यंत पायी फिरतो. मधून मधून हत्यारांची पिशवी कुठेतरी विसरतो म्हणतात, पण तार तुटलेली लांबून त्यालाच आधी दिसते.

मास्तरांची बदली झाली, मग माझी झाली, आणि गाठ पडायची राहून गेली. बारा वर्षांनी एका कामासाठी ठाण्याला गेलो तेव्हा कळलं की त्यांच्या आई वारल्या. दहावा नुकताच झाला होता. मी भेटायला नौपाड्याला गेलो. भाताची खाचरं ओलांडली की चार घरं सोडून त्यांचं घर होतं. दुपार टळून गेली होती.

ओसरीवर झोपाळा होता. लाकूड बऱ्यापैकी नवं, कड्या चकचकीत. त्यावर आबा बसले होते. पार वाळून गेलेले, नजर हरवलेली. माणसं ओळखेनासे झाल्याचं मी वाटेतच ऐकलं होतं. त्यांच्या पुढ्यात डबा, बाजूला चिंचोके. खाली घंगाळात तीच वाटी तरंगत होती, आणि मास्तर झोपाळ्याच्या पायाशी जमिनीवर बसून पाटीवरून वाचत होते. वाचत वाचत एका हाताने झोपाळ्याला हलकेच झोका देत होते. मला पाहून त्यांनी मानेनेच बसायची खूण केली.

सुतक होतं, त्यामुळे पगडी नव्हती, आणि क्षौर करून डोकं तुळतुळीत केलेलं. शेंडीच्या पुढे, टाळूवर, तीन डाग होते. चिंचोक्याएवढे, गोल, गुळगुळीत, आजूबाजूच्या कातडीहून पांढरे.

मी ओसरीच्या कडेला बसलो. वैशाखातली पगडी, उपरण्याच्या गाठी, कधी न वापरलेली खुर्ची आणि दारातलं ते झोपाळ्याचं बोलणं, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

मास्तर वाचत होते. आबा दोनचार अक्षरं ऐकायचे, मग बोटांतल्या चिंचोक्याकडे बघत बसायचे. मास्तर थांबायचे आणि पुन्हा त्याच अक्षरापासून सुरू करायचे. एकदा आबा पुढे वाकले. त्यांचा हात मुलाच्या डोक्यावर आला. नाडी बघायची तीच तीन बोटं त्या तीन डागांवर बरोबर बसली.

"हे कोणी रे केलं?" आबांनी विचारलं. आवाजात खराखुरा कळवळा होता. "एवढ्याशा पोराला?"

एकही हुकलेलं अक्षर ज्यांनी कधी लिहायचं सोडलं नाही त्या मास्तरांनी पाटी मांडीवर ठेवली.

"आठवत नाही, आबा," ते म्हणाले.

मग त्यांनी पाटी उचलली, झोपाळ्याला हलका झोका दिला आणि पुढचं अक्षर वाचलं. 'म.' आबांनी चिंचोका डब्यात टाकला.